बाई, आधी त्या १४० पानांचं बघू

प्रश्न : (सातारा जिल्ह्यातून आलेलं पत्र, थोडक्यात. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

मी ६३ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. पुण्यातल्या मुलाने या दिवाळीत नवा लॅपटॉप घेऊन दिला. महिनाभर त्यातलं वर्ड छान चाललं. आता मात्र ते पैसे मागतं आणि काही लिहू देत नाही. माझी कामं मोठी नाहीत. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या नोटिसा आणि इतिवृत्त लिहायचं असतं, आणि आईच्या वहीतल्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक करायचं मनात आहे. त्यातली १४० पानं मी जुन्या कॉम्प्युटरवर टाइप केली आहेत. ती पेनड्राइव्हवरून नव्या लॅपटॉपवर घेतली, तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. वर्ड बंद पडलं म्हणून असं होत असेल का? चौकातला दुकानदार म्हणतो, पाचशे रुपयांत कायमचं वर्ड टाकून देतो. मुलगा म्हणतो, गुगल डॉक्स वापर. सून म्हणते, दरवर्षी पैसे भरू, त्यात काय एवढं. पण माझ्या चार ओळींसाठी त्यांना खर्च नको. फुकटात मिळतं असंही ऐकते, पण फुकटच्या वस्तूत काहीतरी गोम असतेच ना? शिवाय माझं टायपिंग जुन्या मशीनवरचं, मराठी ३० ची परीक्षा पास झालेलं. या वयात नवा कीबोर्ड शिकणं जमेलसं वाटत नाही. कोणतं वर्ड घेऊ?

उत्तर :

बाई, तुम्ही शाळेत होतात म्हणून बाईच म्हणते.

तुम्ही विचारलंय कोणतं वर्ड घेऊ ते, पण पत्र वाचताना माझा जीव अडकला तो त्या १४० पानांत. म्हणून आधी एकच विचारते : तो जुना कॉम्प्युटर अजून घरात आहे ना? असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका आणि ‘जरा फॉरमॅट मारून देतो, फास्ट होईल’ असं कुणी म्हणालं तर त्याला हात लावू देऊ नका. तुमच्या ओव्या आज फक्त त्याच एका मशीनवर वाचता येतात.

त्या फायली खराब झालेल्या नाहीत, ही पहिली चांगली बातमी. दुसरी गोष्ट अशी की त्या खिचडीचा आणि वर्ड बंद पडण्याचा काही संबंध नाही. उद्या सुनेने पैसे भरून वर्ड सुरू करून दिलं, तरी ती पानं तशीच दिसतील. दुकानदाराने पाचशे रुपये घेतले तरी तशीच दिसतील. गोंधळ वर्डचा नाही, फॉन्टचा आहे.

जुन्या मराठी फॉन्टमध्ये काय व्हायचं ते सांगते. कॉम्प्युटरच्या आत मराठी अक्षरं साठतच नव्हती. आत साठायची इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग चढवायचा. कृतिदेव फॉन्टमध्ये तुम्ही ‘मराठी’ असं टाइप केलंत, तर आत लिहिलं जातं ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. तो फॉन्ट मशीनवर आहे तोवर आपल्याला ‘मराठी’ दिसतं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर सोंग उतरतं आणि आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. त्यात प्रत्येक कंपनीची चाल निराळी. श्रीलिपीत लिहिलेलं कृतिदेवात वाचता येत नाही, कृतिदेवातलं शिवाजीत नाही.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरलेला क्रमांक देणारी सगळ्यांची एकच पद्धत, आली ती याच दुखण्यावर. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. युनिकोडमध्ये ‘क’ला त्याचा स्वतःचा क्रमांक असतो. फॉन्ट कोणताही असो, कॉम्प्युटर, फोन, प्रिंटर कुठलाही असो, ‘क’ तो ‘क’च राहतो. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर नातवंडांना मराठीत लिहिता ना, ते युनिकोडच असतं. म्हणून ते त्यांच्या फोनवर जसंच्या तसं पोचतं.

मी हे इतकं लांबवते आहे, त्याला कारण आहे. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर त्यांच्या आठवणी लिहिल्या होत्या. हस्तलिखित एका डीटीपीवाल्याकडे दिलं, त्याने सुरेख टाइप करून दिलं, सीडीही दिली. काही वर्षांनी दुकान बंद झालं. वडील गेल्यावर ती सीडी काढली तेव्हा फाइल उघडली, पण फॉन्ट कुठला होता ते सांगायला कुणीच उरलं नव्हतं. एक छापील प्रत हाती होती म्हणून वाचले. ९० पानं मी पुन्हा टाइप केली. तेव्हापासून कुणी मला ‘कोणतं सॉफ्टवेअर’ असं विचारलं की मी आधी विचारते, लिहिलेलं कशात आहे? सॉफ्टवेअर आज हे, उद्या ते. मजकूर युनिकोडमध्ये असला आणि फाइल चार ठिकाणी उघडणारी असली, की सॉफ्टवेअर बदलणं हे चुलीवरून गॅसवर येण्याइतकं सोपं होतं.

तर जुन्या मशीनवर बसा. ओव्यांची फाइल उघडा, मजकूर निवडा आणि वरच्या पट्टीत फॉन्टचं जे नाव दिसतं ते आकड्यासकट कागदावर लिहून घ्या. ‘फाइल’मधल्या ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पीडीएफचा पर्याय दिसला तर पीडीएफ करून ठेवा. नाही दिसला तर सरळ १४० पानांचा प्रिंट काढा. कागद जाईल, पण आईच्या ओव्यांपुढे तो किती? आता त्या फॉन्टच्या नावाने फॉन्ट कन्व्हर्टर शोधा. बहुतेक जुन्या मराठी फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर मोफत आहेत. एका खिडकीत जुना मजकूर चिकटवायचा, बटण दाबायचं, दुसऱ्या खिडकीत युनिकोड मिळतं. एकदम १४० पानं टाकू नका. दोन-तीन पानं करा आणि छापील प्रतीशी ताडून बघा. संघाच्या सभासदांचे पत्ते, फोन असलेले कागद मात्र अशा अनोळखी ठिकाणी चिकटवू नका. ओव्यांना हरकत नाही.

चुका कुठे होतील ते आधीच सांगते, म्हणजे तिथेच नजर जाईल. जुन्या पद्धतीत तुम्ही पहिली वेलांटी आधी मारता आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये अक्षर आधी साठतं, वेलांटी नंतर. रफाराचंही तसंच उलटं. मशीनवर तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र’ आधी लिहावा लागतो. बदल करताना कन्व्हर्टर इथेच अडखळतात, विशेषतः जोडाक्षरावर वेलांटी असली की. दुसरी जागा म्हणजे आपला मराठीचा खास ‘ऱ्य’. आचार्यांना जेवायला बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं, हे तुम्ही वर्गात शिकवलं असेल. कन्व्हर्टरला ते नेहमी कळत नाही. ओव्यांत वाऱ्यावर, सासऱ्याच्या, सोयऱ्याचं असे शब्द पावलोपावली येणार. ते एकेक बघून घ्या.

आता नव्या लॅपटॉपकडे.

‘वर्ड’ हे एका कंपनीच्या एका सॉफ्टवेअरचं नाव आहे, पण आपण झेरॉक्स म्हणतो तसं सगळ्यालाच वर्ड म्हणायला लागलो. त्यामुळे नव्या मशीनमध्ये वर्ड असायलाच हवं, नसेल तर मशीन अपुरं, असं वाटतं. तुमच्याकडे जे आलं ते महिन्याभराचं चाखायला दिलेलं होतं. मुदत संपली की वर्ड फाइल दाखवतं, छापूही देतं, पण लिहू देत नाही. त्या महिन्यात तुम्ही जे लिहिलंत ते सुरक्षित आहे आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं. पूर्वी विंडोजमध्ये वर्डपॅड तरी असायचं. २०२४ साली विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून तेही काढून टाकलं, म्हणून नव्या मशीनवर शोधलंत तरी सापडणार नाही. नोटपॅड आहे, पण पुस्तकाचं काम त्यावर होणार नाही.

कुठलंही काही बसवण्याआधी लॅपटॉपचं बिल आणि खोका मुलाला बघायला सांगा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपबरोबर ‘ऑफिस होम’ (पूर्वीचं नाव ‘होम अँड स्टुडंट’) कायमचं दिलेलं असतं, त्यात वर्ड येतं. त्याची किंमत लॅपटॉपच्या किमतीतच धरलेली असते आणि ते ठरावीक मुदतीत सुरू करून घ्यावं लागतं. बरेच लोक हे न बघताच दुकानदाराकडे जातात. दुसरं म्हणजे मुलगा-सून आधीपासूनच मायक्रोसॉफ्ट ३६५ ची फॅमिली योजना भरत असतील, तर ती सहा जणांना वापरता येते. मग तुमचं नाव त्यात घालायला वेगळा पैसा लागत नाही. सुनेला विचारा. ती आपणहून म्हणते आहे, तर हे विचारण्यात संकोच नको.

पाचशे रुपयांचं मात्र मी स्पष्ट सांगते, घेऊ नका. पाचशे रुपयांत ‘कायमचं वर्ड’ म्हणजे परवाना मोडून चालवलेली प्रत. दुकानदाराला विचारून बघा, बिलावर ऑफिसचं नाव लिहून देता का? तो नाही म्हणेल. आणि काम करताना त्याच्याकडे लक्ष ठेवलंत तर पहिली गोष्ट दिसेल ती ही की तो आधी अँटिव्हायरस बंद करतो. कारण वर्डचं कुलूप तोडणारा तो छोटा प्रोग्रॅम अँटिव्हायरसला चोरच वाटतो आणि पुष्कळदा तो चोर असतोही. ज्या लॅपटॉपवरून तुम्ही पेन्शनचं खातं बघणार, त्यावर अशी वस्तू नको. कायदाही बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे, सॉफ्टवेअरची प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती वापरणं गुन्हा आहे. तुमच्या घरी कुणी पोलीस येणार नाही. पण ३० वर्षं मुलांना खरं सांगितलेल्या माणसाने हे करावं, असं मला वाटत नाही.

आता फुकटातली गोम. तुमची शंका रास्त आहे, कारण फुकट सगळं एका जातीचं नसतं. काही फुकट म्हणजे चाखायला दिलेलं, तुमच्या वर्डसारखं. काही फुकट म्हणजे मध्ये मध्ये जाहिराती, आणि थोडं पुढे गेलं की पैसे. काही फुकट म्हणजे पैसे नाहीत, पण तुमचे कागद त्यांच्या मशीनवर, म्हणजे गुगल डॉक्स. आणि चौथी जात आहे सार्वजनिक वाचनालयासारखी : लोकांनी मिळून उभं केलेलं, कुणी एक मालक नाही, कुणीही यावं आणि वापरावं. तुमच्या पुस्तकासाठी मी ते चौथं सुचवते आहे. त्याचं नाव लिबरऑफिस, आणि त्यातल्या लिहिण्याच्या भागाचं नाव रायटर.

ते कुठून आलं ते थोडक्यात. जर्मनीत स्टारऑफिस नावाचं सॉफ्टवेअर होतं. १९९९ साली अमेरिकेतल्या सन कंपनीने ते विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याचा गाभा सगळ्यांसाठी खुला केला, ते ओपनऑफिस. २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलकडे गेली, तेव्हा ओपनऑफिसवर काम करणाऱ्या बऱ्याच लोकांनी सप्टेंबरमध्ये वेगळी चूल मांडली, तेच लिबरऑफिस. त्यांची डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था बर्लिनमध्ये आहे, ना-नफा तत्त्वावर चालते आणि देणग्या घेते. फुकटचं म्हणजे कमअस्सल असं मनात असेल, तर हे ऐका : जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ साली सरकारी कचेऱ्यांमधले सुमारे ३०,००० कॉम्प्युटर वर्डवरून लिबरऑफिसवर न्यायचं ठरवलं. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच कॉम्प्युटर शिकतात.

ते घ्यायचं फक्त लिबरऑफिस डॉट ऑर्ग या त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. गुगलवर शोधलं की वर जाहिरातींच्या ओळी येतात, त्यांवर बोट ठेवू नका. डाउनलोड सुरू झाल्यावर पान देणगी मागतं. ती ऐच्छिक आहे, घाबरून जाऊ नका. पुस्तक झाल्यावर मनाला वाटलं तर द्या. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्येही लिबरऑफिस दिसतं, पण तिथे किंमत लावलेली असते, म्हणून संकेतस्थळच बरं. लॅपटॉप ‘बाहेरचं काही बसवता येणार नाही’ म्हणाला, तर तो बहुधा एस मोडमध्ये असेल. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, मुलाकडून करून घ्या.

बसवल्यावर एक गोष्ट लगेच करायची आहे, आणि ती कुणी सांगत नाही म्हणून लोक वैतागून लिबरऑफिस सोडतात. ‘टूल्स’मध्ये ‘ऑप्शन्स’, त्यात ‘लँग्वेजेस अँड लोकॅल्स’, त्यात ‘जनरल’. तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ असं लिहिलेलं असतं. त्याच्या चौकटीत बरोबरची खूण करा आणि पुढे मराठी निवडा. रायटर इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळे धरतो. ही खूण नसली, तर तुम्ही फॉन्ट बदलता, आकार १६ करता, आणि इंग्रजी मोठं होतं पण मराठी ढिम्म हलत नाही. खूण केली की ‘फॉरमॅट’मधल्या ‘कॅरेक्टर’च्या खिडकीत देवनागरीसाठी वेगळा कप्पा दिसायला लागतो. तिथे फॉन्ट आणि आकार ठरवा.

फॉन्ट विकत घ्यायची आता गरज नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट मोफत मिळतो, तो नोटिसांना छान. त्याच्या नावाचा उच्चार ‘मुक्ता’ असाही करतात. ओव्यांसाठी मला टिरो देवनागरी मराठी आवडतो. तोही मोफत आहे, आणि त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. बालभारतीच्या पुस्तकांवर वाढलेल्या डोळ्यांना हा फरक लगेच कळतो. दोन्ही युनिकोड फॉन्ट आहेत, म्हणजे उद्या ते नसले तरी मजकूर वाचता येईल.

रायटरसाठी मराठी शुद्धलेखन तपासणीचं एक्स्टेन्शनही मोफत मिळतं. संघाच्या इतिवृत्ताला जरूर वापरा. ओव्यांच्या फायलीत मात्र ते बंद ठेवा. आईच्या बोलीतले शब्द त्या कोशात नसणार आणि पानभर लाल रेषा उमटतील. त्या रेषांपायी एकही शब्द बदलू नका. तुमच्यातल्या शिक्षिकेलाही मी हेच विनवते : आई ‘व्हता’ म्हणत असेल तर ‘व्हता’च राहू द्या.

फाइल साठवताना रायटर स्वतःची ओडीटी पद्धत वापरतो. ही पद्धत २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे ती कुणा एका कंपनीच्या मुठीत नाही. तुमची मूळ फाइल त्यातच ठेवा. कुणाला वर्डमध्ये हवी असेल तर ‘सेव्ह अ‍ॅज’मधून डॉकएक्स करून द्या. वर्डमध्ये उघडल्यावर एखादा तक्ता सरकेल, पान पुढे-मागे होईल. दोन घरांच्या पोळ्या सारख्या होत नाहीत, तसं ते. नुसतं वाचायला किंवा छापायला पाठवायचं असेल तर पीडीएफ पाठवा. त्याचं बटण रायटरच्या वरच्या पट्टीतच असतं, आणि पीडीएफ सगळीकडे सारखीच दिसते.

मुलगा म्हणतो ते गुगल डॉक्सही चुकीचं नाही, पण ते संघासाठी. नोटीस तुम्ही लिहिली, अध्यक्षांनी त्यांच्या फोनवरून वेळ बदलली, खजिनदारांनी वर्गणीची ओळ घातली, सगळं एकाच कागदावर होतं. आपोआप साठत राहतं, वीज गेली तरी लिहिलेलं जात नाही. जागा १५ जीबी फुकट, पण ती जीमेल आणि फोटोंसकट असते, हे लक्षात ठेवा. फोनमधल्या फोटोंनी ती भरली की अडचण होते. इंटरनेट नसताना लिहायचं असेल तर ऑफलाइनची सोय आधी चालू करून ठेवावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस नेट जातं, म्हणून ओव्यांचं मुख्य काम मी त्यावर ठेवणार नाही. आणि तुम्हाला वर्डचीच सवय सुटत नसेल, तर वर्डही ब्राउझरमध्ये फुकट चालतं. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, सोबत ५ जीबी जागा मिळते. नेट मात्र हवंच.

ओन्लीऑफिस नावाचंही एक मोफत सॉफ्टवेअर आहे, दिसायला वर्डच्या जवळचं. ते घ्यायचं झालं तर आधी एक पान जोडाक्षरांनी भरलेला मराठी मजकूर टाकून, छापून बघा, मगच ठरवा. अपाची ओपनऑफिस हे नाव अजून ऐकू येतं. त्यात २०१४ नंतर किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे फारसं काही झालेलं नाही. नव्या मशीनवर ते नको.

पैसे कुणी भरावेत तेही सांगून टाकते, कारण हे वाचणारे सगळे तुमच्यासारखे नसतील. ज्यांच्या कचेरीतून रोज वर्डच्या फायली येतात, चार जणांच्या दुरुस्त्या रंगीत अक्षरांत एकमेकांवर चढलेल्या असतात आणि संध्याकाळपर्यंत परत पाठवायच्या असतात, त्यांनी अधिकृत वर्ड घ्यावं. वेळ वाचेल. दहावी-बारावीच्या मुलांच्या प्रकल्पांना, दुकानाच्या दरपत्रकांना, सोसायटीच्या कागदांना त्याची गरज नाही.

राहता राहिलं तुमचं टायपिंग. ३० ची परीक्षा म्हणजे तुमची बोटं तयार आहेत, ती वाया जाणार नाहीत. टाइपरायटरवरच्या त्याच मांडणीने, तिला रेमिंग्टन म्हणतात, युनिकोड लिहून देणारी साधनं मोफत मिळतात, पण ती विंडोजमध्ये आपोआप येत नाहीत. मुलगा आला की बसवून घ्या. पण ‘या वयात जमणार नाही’ हे मला मान्य नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन मराठी भाषा वाढवली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. तो एकदा नीट बघाच, कारण तो तुम्ही ३० वर्षं फळ्यावर लिहिलेल्या मुळाक्षरांवरच बेतलेला आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. नुसतं दाबलं की काना, शिफ्ट धरून दाबलं की ‘आ’. ‘क’ आणि ‘ख’ एकाच बटणावर, ‘ग’ आणि ‘घ’ एकाच, ‘त’ आणि ‘थ’ एकाच. शिफ्ट धरलं की अल्पप्राणाचा महाप्राण होतो. ‘ल’वर शिफ्ट धरलं की ‘ळ’. आणि तो अडेल ‘ऱ्य’ हवा असेल तर शिफ्ट धरून ‘र’, मग पाय मोडायचा, मग ‘य’. रोज संध्याकाळी एक ओवी असं पंधरा दिवस करून बघा. नाहीच रुचलं, तर विंडोजमध्ये मराठी फोनेटिकही आहे, त्यात इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की मराठी उमटतं. मराठी-इंग्रजी अदलाबदल करायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबायचे. थकलात तर गुगल डॉक्समध्ये ‘टूल्स’खाली ‘व्हॉइस टायपिंग’ आहे, मराठी निवडा आणि बोला. क्रोममध्ये ते चालतं. बोलीभाषेतल्या ओव्या त्याला धड ऐकू येणार नाहीत, पण प्रस्तावना बोलून लिहायला उत्तम.

पत्रातलं एक वाक्य मला लागलं. ‘माझ्या चार ओळींसाठी’ असं तुम्ही लिहिलंय. १४० पानं म्हणजे चार ओळी नाहीत, बाई. मुलाला एका रविवारी बोलवा आणि पूर्ण दिवस मागून घ्या. बिल आणि खोका बघणं, लिबरऑफिस बसवणं, ती खूण करणं, फॉन्ट घालणं, कीबोर्ड लावणं, एवढं एका दिवसात होतं. रूपांतर केलेल्या ओव्यांची एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक इंटरनेटवरच्या गुगल ड्राइव्हवर राहू द्या. पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका, कपाटात ठेवा.

आणि आईची मूळ वही. टाइप न झालेल्या ओव्या तिच्यात अजून असतील, कडेला तिच्या हाताच्या खुणा असतील. मुलाची वाट न बघता उद्या सकाळी ती अंगणात उन्हाला घेऊन बसा आणि फोनवर पानापानाचे फोटो काढा, कोऱ्या पानांसकट. फोटो काढून झाले की लगेच मुलाला आणि सुनेला दोघांनाही पाठवा.